मॉरिसच्या पुढच्या सीटवर

दुपारच्या जेवणाची सुट्टी झाली आहे आणि श्रीरंग मोहरील एका परक्या माणसाच्या मॉरिस मायनरमध्ये, स्टिअरिंगमागे बसून, डोळे उघडे ठेवायची धडपड करतो आहे. नागपूरचं जानेवारीचं ऊन समोरच्या काचेतून आत आलं आहे आणि मांडीवर मांजरासारखं जड होऊन बसलं आहे. मैदानाच्या टोकाला लाउडस्पीकरवर कुणीतरी कुणाला तरी गाडी पुढे घ्यायला सांगतं आहे. ते शब्द ऐकू येतात, पण त्यांचा अर्थ लागायच्या आत ते विरून जातात.

तो आत बसला तो झोपायला नव्हे. या मैदानावर दरवर्षी जुन्या गाड्यांचा मेळा भरतो आणि श्रीरंगकडे तपासायला एकच रांग असते, कधीच नव्या न केलेल्या गाड्यांची. बाकीच्या रांगांत गाड्या आरशासारख्या चमकतात. त्याच्या रांगेत चमक दिसली की मार्क जातात. कारखान्यातून निघताना जो रंग होता तोच हवा, मग तो उडालेला असो. सीट तीच हवी, मग ती फाटकी असो. सकाळपासून बघून बघून शेवटी दोन गाड्या उरल्या आहेत. एक रायपूरची काळी लँडमास्टर आणि दुसरी ही वणीची राखाडी मॉरिस. मॉरिसच्या ड्रायव्हरच्या सीटला, मांडी घासते त्या कडेला, हिरव्या कापडाचं ठिगळ आहे.

"काका, सीटला हात लागलाय," गौतमी वासेकर मघाशी म्हणाली. ती त्याच्या जोडीची परीक्षक, अमरावतीला स्वतःचं गॅरेज चालवते. "लँडमास्टरला कुठंच लागलेला नाही. मला तर सरळ दिसतंय. तरी तुम्ही एकदा बसून बघा, मी जेवून येते."

पूर्वी असं अडलं की तो शरयूकडे बघायचा. त्याची बायको प्रत्येक मेळ्याला यायची. इंजिनातलं तिला ओ की ठो कळत नसे. ती फक्त खिडकीतून डोकं आत घालायची, एकदा वास घ्यायची आणि म्हणायची, ही खरी आहे, नाहीतर, हिला कुणीतरी आंघोळ घातली आहे. तिचं कधी चुकलं नाही. गेल्याच्या आदल्या दिवाळीत शरयू गेली. तेव्हापासून श्रीरंगला स्वतःच्या निकालाची खात्री वाटेनाशी झाली आहे, आणि यंदाचं वर्ष शेवटचं असं त्याने आयोजकांना सांगूनही टाकलं आहे.

दुसरी एक गोष्ट त्याने कुणालाच सांगितलेली नाही. शरयू सगळ्यांच्या स्वप्नात येते. हैदराबादला मुलीच्या, ऋचाच्या येते. वहिनींच्या येते. स्वयंपाकाच्या मंदाबाईंच्या तर दर महिन्याला येते, पोळ्या जाड लाटतेस म्हणून सांगून जाते. त्याच्या स्वप्नात ती एकदाही आलेली नाही.

ठिगळावर फिरता फिरता त्याचं बोट थांबतं.

डावीकडचं दार उघडल्याचा आवाज येतो. मॉरिसचं दार लागतं तसं ते लागतं, थोडं पोकळ, डब्याच्या झाकणासारखं.

"सरका थोडं," शरयू म्हणते. "तुमचं कोपर लागून राहिलं मला."

तो सरकतो. ती पदर आवरून बसते, पिशवी पायाशी ठेवते. तिने ती करड्या रंगाची सुती साडी नेसली आहे, खळ घातलेली. डोक्यावर केस नाहीत, नुसती बारीक लव आहे, शेवटच्या उन्हाळ्यात औषधांनंतर आली होती तेवढी. तो तिच्याकडे बघतो, मग समोर बघतो. एकटक बघितलं तर ती नाहीशी होईल असं त्याला वाटतं.

"चला की," ती म्हणते. "कुणाची वाट पाहून राहिले?"

किल्ली नाही. इंजिनचा आवाजही नाही. तरी गाडी चालली आहे. मैदानातली कडुनिंबाची झाडं सावकाश मागे सरकतात, मेळ्यातली माणसं दोन्ही बाजूंना होऊन वाट देतात, आणि मग झाडांच्या मागे जो रस्ता लागतो तो वर्धा रोड आहे, पण उड्डाणपूल नसलेला, अरुंद, दोन्हीकडे शेतं असलेला. लग्नानंतर पहिल्यांदा ते या रस्त्याने गेले तेव्हा होता तसा.

शरयू नाक वर करून वास घेते.

"काथ्या," ती म्हणते. "थोडंसं पेट्रोल. उंदीर होता कधीतरी. आणि खडूची धूळ. मास्तराची गाडी दिसते."

"खरी आहे?"

"खरीच आहे. तुम्हाला नाही कळलं?"

"मला आता काही कळत नाही," श्रीरंग म्हणतो.

ती वाकते आणि त्याच्या मांडीखालच्या ठिगळाकडे बघते. ब्लाऊज शिवताना चष्म्यावरून बघायची, अगदी तशी.

"हे टेलरचं काम नाही," ती म्हणते. "घरातल्या बाईचं आहे. दोरा पाहा, साडीला फॉल लावायचा दोरा आहे हा. रीळ संपत आलं होतं तिचं, म्हणून शेवटचे टाके लांब लांब घेतलेत."

तो खाली बघतो. टाके खरंच लांब होत गेले आहेत. मान वर करतो तर रस्ता नाही. गाडी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी आहे, ओट्याला समांतर. बॉनेटवर पोळपाट आहे. कुकरची शिट्टी होते आणि वायपरची पाती आपोआप एकदा फिरून थांबतात. याचं त्याला नवल वाटत नाही. त्याला एवढंच वाटतं की चहाचं आधण ठेवायला हवं, कारण ती दमून आली असणार.

"मी उठतो, चहा टाकतो."

"बसा. मेळ्यातली तुमची माणसं आली."

स्वयंपाकघराचं दार दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात उघडतं. दोन्ही बाजूंना खाटांच्या जागी गाड्या उभ्या आहेत, प्रत्येकीवर गळ्यापर्यंत पांढरी चादर. चादरींखालून हेडलाइट शांतपणे बघत आहेत. त्याच्या हातात कुणीतरी मार्कांचा कागद देतं. तो एकेका गाडीपाशी जातो, चादर वर करतो, खाली ठेवतो. शेवटच्या जागेवर स्टूल आहे आणि स्टुलावर शरयू बसली आहे, हात मांडीवर ठेवून, दात दाखवायला आलेल्या शाळकरी मुलीसारखी.

"लिहा," ती म्हणते.

"काय लिहू?"

"उजवा गुडघा बदललेला आहे. दोन दाढा बसवलेल्या आहेत. मार्क कापा."

"शरयू, थट्टा करू नकोस."

"थट्टा कसली? नियम तुमचेच." ती हसते. हसताना वरच्या हिरडीचा थोडासा भाग दिसतो. तो हे विसरला होता.

"केस," तो म्हणतो. "केस परत नाही आले का तुझे? मला वाटलं होतं, तिकडे गेल्यावर..."

"तिकडे काय पार्लर आहे?" ती लव आलेल्या डोक्यावरून हात फिरवते. "तुम्हाला कशी हवी होती मी?"

"पूर्वीसारखी."

"कुठल्या पूर्वीसारखी?"

तो विचार करतो. त्याला खरंच सांगता येत नाही. लग्नातली, ऋचाच्या वेळची, की कुठल्याशा मेळ्यात झाडाखाली बसून वाटाणे सोलणारी.

"आणि हॉलमध्ये लावलाय तो फोटो कुणाचा हो?" शरयू विचारते.

"तुझाच."

"माझा? भुवईवरचा वण कुठे गेला मग?"

"स्टुडिओवाल्याने साफ केला. ऋचा म्हणाली, छान दिसतोय."

"छान आहे," ती म्हणते. "पण मला ती बाई ओळखू येत नाही. रोज संध्याकाळी तुम्ही तिच्यापुढे दिवा लावता, मी बाजूला उभी असते."

तो जवळ जातो आणि अंगठ्याने तिच्या डाव्या भुवईवर चाचपतो. वण तिथेच आहे. लहानपणी कांजण्या झाल्या होत्या तेव्हाचा, मसुरीच्या डाळीएवढा खोलगट. त्याच्या हातातला कागद कधी गळून पडला ते त्याला कळत नाही. मागे एकेक करत गाड्यांवरच्या चादरी घसरून खाली पडतात, वाळत घातलेले कपडे वाऱ्याने पडतात तशा.

"तू सगळ्यांकडे जातेस," तो म्हणतो. "मंदाबाईंकडेसुद्धा. माझ्याकडे का नाही आलीस?"

"आले होते."

"कधी?"

"कितीदा तरी. तुम्ही दारातच बसलेले असायचे." ती हे सांगते ते तक्रारीने नव्हे, पाहुणे का परत गेले ते सांगावं तसं. "डोळे मिटायचे आणि वाट बघायचे. आता येईल, मग येईल. उंबऱ्यातच ठाण मांडून बसलेल्या माणसाला ओलांडून मी आत कशी येणार? मंदा आपली पडली की घोरते. तिच्याकडे सोपं जातं."

यावर तो हसतो. सव्वा वर्षात तो असा हसलेला नाही. हसता हसता डोळे पुसतो, आणि हात खाली घेतो तेव्हा ते पुन्हा मॉरिसमध्ये बसलेले असतात. बाहेर मैदान आहे पण तिथे कुणीच नाही, नुसतं ऊन आहे, आणि उन्हात गाड्या एकमेकींकडे तोंड करून गप्पा मारत असल्यासारख्या उभ्या आहेत.

"आज मी बसलो नव्हतो दारात," तो म्हणतो.

"आज तुम्ही ठिगळ बघत होते ना. म्हणून तर आले."

तिचं मनगट एकदा मोडलं होतं, तेव्हापासून ती डावा हात मांडीवर उलटा ठेवते. आताही तसाच ठेवला आहे. त्याला विचारायचं असतं, दुखतं का आता कुठे. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ते विचारायची गरज वाटत नाही.

"थांबशील?"

"गरम होऊन राहिलं," शरयू म्हणते. "काच खाली करता का जरा?"

तिच्या मनगटाला ते जमत नसे. प्रत्येक प्रवासात तिच्या बाजूची काच त्यानेच उघडायची, ही त्यांची सवय. तो डावीकडे वाकतो, तिच्या पुढून हात लांब करतो आणि दारावरचं हँडल धरतो. त्याच्या दंडाला साडीची खळ लागते, तिच्याखालची ऊब लागते. हँडल हलत नाही. तो जोर लावतो. आत कुठेतरी लोखंड कण्हतं, मग सोडतं, आणि काच थोडी थोडी करत खाली जाऊ लागते. गार वारा येतो. त्या वाऱ्यात गवताचा वास आहे.

"हां," शरयू म्हणते. तिचा श्वास त्याच्या कानाशी आहे. "बास. एवढी पुरे."

"काका."

कुणीतरी टपावर टकटक करतं आहे.

"काका, झोपलात का? मी तर सगळ्या मैदानात शोधलं तुम्हाला."

श्रीरंग डोळे उघडतो. उजवीकडच्या खिडकीशी गौतमी वाकून उभी आहे. ऊन मांडीवरून उतरून पायाशी गेलं आहे. तो डावीकडे बघत नाही. तिकडे आता कुणी नसणार हे त्याला माहीत आहे, आणि ते पाहायची त्याला घाई नाही.

वणीचा प्रफुल्ल उंबरकर, गाडीचा मालक, हातात चहाचे कप घेऊन येतो. त्याचं वणीला औषधांचं दुकान आहे. सकाळपासून तो गाडीच्या आसपास परीक्षेला बसलेल्या मुलाच्या बापासारखा वावरतो आहे.

"उंबरकर," श्रीरंग विचारतो, "हे ठिगळ कुणी शिवलं?"

"आईने," प्रफुल्ल चाचरत म्हणतो. "बाबा शाळेत मास्तर होते, रोज मारेगावला जायचे यायचे. कड फाटली आणि त्यांचं धोतर अडकून फाटायला लागलं. मग आईने बसून शिवून टाकलं. चूक झाली का, सर?"

श्रीरंग चहाचा कप हातात घेतो. तो लगेच पीत नाही. गाडीतला वास घेतो. काथ्या, पेट्रोल, आणि त्यांच्या मागे कुठेतरी, अगदी पुसट, खडू.

"गौतमी, हात लागलाय हे खरं," तो म्हणतो. "पण गाडी नवी दिसावी म्हणून नाही लागलेला. वापरायची म्हणून लागलाय. त्या टाक्यांचं वय गाडीच्याच वयात धरायचं. मी मार्क कापणार नाही."

गौतमी आत वाकून ठिगळ बघते. बोटाने टाके चाचपते, शेवटच्या लांब टाक्यांपाशी थोडी थांबते. मग सरळ उभी राहते.

"ठीक आहे," ती म्हणते. "मग हीच पहिली. लँडमास्टरवाले रुसणार आहेत. पुढच्या वर्षी त्यांना तुम्हीच समजवा, मला नाही जमायचं."

"बघू," श्रीरंग म्हणतो. येणार नाही असं तो म्हणत नाही, हे गौतमीच्या लक्षात येतं.

प्रफुल्लला काय करावं ते सुचत नाही. तो आधी गौतमीला नमस्कार करतो, मग श्रीरंगला, मग उगाचच फडकं घेऊन गाडीला वळसा घालून पलीकडे जातो. तिथे तो उभाच राहतो. फडकं हातातच राहतं.

"सर," तो म्हणतो. "ही काच कुणी उघडली?"

श्रीरंग आता डावीकडे बघतो. रिकाम्या सीटच्या बाजूची काच चार बोटं खाली आलेली आहे. वरच्या फटीतून वारा येतो आहे आणि दाराच्या कडेची जुनी धूळ सीटवर बारीक सांडली आहे.

"मी कॉलेजात होतो तेव्हा अडकली ही," प्रफुल्ल सांगतो. "बाबांनी किती खटपट केली. मेकॅनिक म्हणाला, दार आतून फोडावं लागेल. मग बाबा म्हणाले, राहू दे बंदच." तो काचेच्या वरच्या कडेला हळूच हात लावतो. "तुम्ही उघडली?"

श्रीरंग आपला तळवा बघतो. मधोमध हँडलच्या गोट्याचा गोल, लालसर ठसा उमटलेला आहे, आणि त्याच्याभोवती काळ्या वंगणाची पुसट कड.

"तिला गरम होत होतं," तो म्हणतो.

कुणाला, असं प्रफुल्ल विचारत नाही. तो एवढंच म्हणतो, "बंद करून पाहू का, सर?"

"नको," श्रीरंग म्हणतो. "राहू द्या जरा वेळ."