चावल्याशिवाय लाल नाही

पाणीखात्यात त्याला सगळे चाळण म्हणायचे. तोंडावर ‘मीटरवाले काका’, पाठ वळली की चाळण. गुडघ्याखाली पायांची चाळणच झाली होती ना! घरोघर हिंडून पाण्याचे मीटर वाचणं म्हणजे खायचं काम नाही, असं लोक म्हणतात. चाळणीच्या बाबतीत ते खाऊन घ्यायचं काम होतं. सव्वीस वर्षांत एकोणीस चावे. पहिले अकरा डाव्या पोटरीला, कारण फाटकातून डावा पाय आधी टाकायची खोड. बायको म्हणाली, "अहो, पाय बदलून बघा." बदलला. पुढचे आठ उजव्याला.

मीटर काही दारात टांगलेला नसतो. तो असतो घरामागं, मोरीच्या भिंतीला, लोखंडी झाकणाखाली. ओणवं व्हायचं, झाकण उचलायचं, काचेवरचा चिखल अंगठ्यानं पुसायचा आणि आकडा टिपायचा. आता ओणवा झालेला परका माणूस पाठमोरा सापडला, की भल्याभल्या कुत्र्याचं मन चळतं. यात कुत्र्याचा दोष नाही, असं चाळणीचं प्रामाणिक मत होतं. दोष माहिती नसण्याचा.

माहिती त्याच्या डोक्यात गच्च भरलेली होती. ती फोनमध्ये उतरली लेकीमुळं. एका सुट्टीच्या दुपारी तिनं त्याला नकाशा दाखवला. बोटानं सरकवायचा, दोन बोटांनी फाकवून मोठा करायचा, छपरावर बोट दाबून धरलं की तिथं खूण रुतते, खुणेला रंग देता येतो, खाली चार ओळी लिहिता येतात. बाकीची माणसं असल्या नकाशात पहिल्यांदा आपलं घर शोधतात. चाळणीनं फर्निचरवाल्याचं शोधलं, कारण तिथला काळा कुत्रा आवाज न करता डावीकडून यायचा.

"बाबा, हे काय करताय?" लेकीनं विचारलं.

"एकेकाला जागेवर बसवतोय."

तीन आठवड्यांत अख्खा भाग बसवला. चारशे बारा घरं, एकशे त्रेसष्ट कुत्री. हिरवा म्हणजे बिनधास्त आत जा. पिवळा म्हणजे अंगावर येतो, पण तेवढंच. लाल म्हणजे चावतो. फाटकाबाहेर उभं राहायचं आणि घरातल्यांनाच आकडा वाचायला सांगायचा. खाली टिपणं. ‘पिवळा. साखळी दिसते, पण दुसऱ्या टोकाला काही बांधलेलं नाही.’ ‘हिरवा. कुत्रा गप्प. मालकीण भुंकते.’ ‘लाल. शेपूट हलवतो. भुलू नये.’

आणि एक नियम त्यानं स्वतःला घालून घेतला. जिथं आपल्याला स्वतःला चावा बसलाय, तिथंच लाल. ऐकीव माहितीवर लाल नाही, भुंकण्यावर लाल नाही, मालकाच्या फुशारकीवर तर नाहीच नाही. खात्यातले बाकीचे सातजण आपले पाय त्या नकाशाच्या भरवशावर आत टाकणार. एक खूण खोटी निघाली तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार?

सातजणांना पाठवला, सातजणांनी आपापल्या बायकांना दाखवला, मग काय, नकाशाला पाय फुटले. सिलिंडरवाले हिरव्या-हिरव्या घरांची रांग लावून फेरी आखायला लागले. पेपरवाला लाल घरावर पेपर रस्त्यातूनच भिरकावायला लागला. भाड्यानं खोली बघणारे आधी नकाशा बघून मग घरमालकाला फोन करायचे. इथवर सगळं ठीक होतं. पण नकाशा कुत्र्यांच्या मालकांनी बघितला आणि भागात आग लागली.

चाळणीला वाटलं होतं, लाल रंगवाले भांडायला येतील. आले हिरवेवाले.

"काका, चार वर्षं खायला घालतोय मी त्याला," बेकरीवाला म्हणाला. "आणि तुम्ही हिरवा करून मोकळे? शेजाऱ्याचं ते केसाळ उंदरासारखं आहे, ते लाल. लोक हसतात हो."

"ते चावलंय मला. तुमचा नाही चावला."

"मग या की एकदा संध्याकाळी. आमची ही पण म्हणत होती, बोलवा त्यांना, होऊन जाऊ दे एकदाचं."

अशी आमंत्रणं रोज यायला लागली. कुणी कुत्र्याला दोन दिवस उपाशी ठेवून बोलवायचं, कुणी म्हणायचं, नवी पँट घालून या, त्याला नवं कापड आवडतं. वकील तर सरळ ऑफिसात आले आणि साहेबांच्या टेबलावर कुत्र्याचे कागद आपटले. तीन पिढ्यांची वंशावळ, शिक्क्यानिशी. असल्या घराण्यातल्या जनावराला हिरवा म्हणजे बेअब्रू.

"नियम आहे," चाळण म्हणाला.

"नियम काय? मग ऐका. या नकाशात एक खूण, एकच खूण खोटी सापडू दे. सगळा नकाशा बंद पाडतो का नाही बघा."

साहेबांनी चाळणीकडं बघितलं, चाळणीनं जमिनीकडं. त्याच्या मनात भीती नव्हती, कारण खोटी खूण नव्हतीच.

अशात बाईंचा निरोप आला.

बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. वय चौऱ्याहत्तर, घर कोपऱ्यातलं, बहीण गेल्यापासून एकट्या. सोबतीला ‘हजर’ नावाचा कुत्रा. चाळीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाला दुसरं नाव सुचणार तरी कुठलं! हजर हा भागातला सगळ्यात हिरवा कुत्रा. त्याच्या खुणेखाली चाळणीनं मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं: ‘हजर. नावानं हाक मारली की पाय चाटतो.’

बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं आणि उलटतपासणी घ्यावी तसं विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंत?"

"हो बाई."

"मंगळवारी दुपारी दोघं आले. एकानं फोन बघितला, ‘हजर, हजर’ अशी हाक मारली. मागची पाण्याची मोटर उचलली आणि गेले. हा त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवून आला. समोरच्या शिंपीणबाईंनी बघितलं. त्यांना वाटलं, दुरुस्तीवाले आहेत, कुत्र्याच्या ओळखीचे."

चाळणीनं खिशातला फोन चाचपला.

"परवा परत आले. स्वयंपाकघराच्या दाराची कडी हलवून बघत होते. मी आत होते. हा बाहेर. ह्याचा आनंद मला आतून ऐकू येत होता."

बाई रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. पण मांडीवरचे हात एकमेकांना घट्ट धरून बसले होते.

"मी खूण काढून टाकतो, आत्ताच."

"काढली तर त्यांना वाटेल, कुत्राच नाही. लाल करा."

"बाई, तेवढंच सांगू नका. चावला नाही हो तो मला. एक खोटी केली तर वकील टपलेत, आणि ते सोडा, उद्या आमचाच कुणी हिरव्या घरात पाय टाकताना म्हणेल, कशावरून?"

बाईंनी थोडा विचार केला. "बरोबर आहे. उत्तर चोरून लिहायचं नाही. मग ते खरं करून आणू या, चावू दे त्याला तुम्हाला. चला अंगणात."

मग त्या अंगणात जे चाललं, ते शिंपीणबाईंनी शिलाई थांबवून बघितलं. चाळण मीटर वाचतोय असा ओणवा झाला. हजर येऊन त्याच्या शेजारी ओणवा झाला. चाळणीनं त्याच्या शेपटीवर हलकेच पाय ठेवला. हजरनं मान वळवून, आपलीच शेपूट वाटेत आली, अशा चेहऱ्यानं बघितलं. चाळणीनं त्याच्या तोंडातलं हाड ओढलं. हजरनं सोडून दिलं आणि आत जाऊन दुसरं आणलं, तेही त्याच्या पुढ्यात ठेवलं. चाळणीनं डोळे वटारले, दात विचकले, शेवटी चार पायांवर येऊन गुरगुरला. हजर उताणा पडला.

"ढ आहे," बाई म्हणाल्या. "वर्गात असे दोन-तीन असायचेच. नुसतं सांगून कळत नाही, करून दाखवावं लागतं. हात द्या इकडं."

चाळणीनं दिला. मास्तरीणबाईंनी हात मागितला की माणूस देतो, वय काही असो.

"हजर, इकडं लक्ष. हे असं धरायचं." बाईंनी मनगट धरलं. "मग असं." आणि वाकून त्यांनी मनगटाला तोंड लावलं.

सुरुवातीला ते नुसतं दाखवणंच होतं. पण हजर त्या वेळी माशी बघत होता. ते बाईंना दिसलं आणि काय झालं कोण जाणे, मंगळवारची मोटर, हललेली कडी, चाळीस वर्षांची खिडकीबाहेर बघणारी पोरं, सगळं एकदम त्यांच्या जबड्यात उतरलं. दात त्यांचे स्वतःचे होते, सगळेच्या सगळे.

"आई गं," चाळण म्हणाला.

बाई मागं सरल्या. पदरानं ओठ पुसले. मनगटावर दोन अर्धगोल उमटले होते आणि त्यातल्या चार-पाच ठिकाणी रक्ताचे टिपके.

"फार लागलं का हो?"

"विसावा," चाळण म्हणाला. मग त्यानं डाव्या हातानं फोन काढला. नकाशा मोठा केला, बाईंच्या छपरावर बोट ठेवलं, हिरव्याचा लाल केला. टिपण पुसून नवं लिहिलं: ‘फाटकाच्या आत चावा. रक्त आलं. आधी काही सूचना मिळत नाही.’ तारीख घातली. सगळं वाचून दाखवलं.

बाईंनी ऐकलं. "यात खोटं एक अक्षर नाही," त्या म्हणाल्या. "दहापैकी दहा."

दवाखान्यात डॉक्टरांनी न बघताच विचारलं, "या काका. पाळीव की भटका?"

"कुत्रा नाही."

"मग?"

"बाई. निवृत्त."

डॉक्टरांनी चष्मा काढून मनगट बघितलं. "ओळखीच्या?"

"सव्वीस वर्षं मीटर वाचतोय त्यांचा."

"माणसाचा चावा कुत्र्यापेक्षा वाईट. सात दिवस गोळ्या," डॉक्टर म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

दोन दिवसांनी वकील ऑफिसात हजर. चेहरा उजळलेला. "सापडली. त्या लोळणाऱ्या कुत्र्याच्या घराला लाल? दाखवा चावा."

चाळणीनं पट्टी सोडली. वकिलांनी मनगट खिडकीपाशी नेऊन उलटंपालटं बघितलं.

"जबडा लहान दिसतोय."

"लहानच आहे."

"दात शाबूत आहेत पण."

"एकही पडलेला नाही."

वकिलांनी हात खाली सोडला. "वरून गरीब दिसणारीच वाईट," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "आमच्याकडं कधी येताय?"

त्याच आठवड्यात शिंपीणबाईंनी ते दोघं परत बघितले. भर दुपारी बाईंच्या फाटकाशी आले. एकाचा हात कडीवर होता. दुसऱ्यानं फोन बघितला आणि त्याची बाही ओढली. आत हजर उड्या मारत होता, ओळखीचे आले म्हणून. दोघं तीन पावलं मागं सरले, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या कडेनं, भिंतीला घासत निघून गेले. शिंपीणबाईंनी हे बाईंना सांगितलं. बाईंनी त्या रात्री पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या दाराला आतून टेकवलेलं टेबल बाजूला सरकवलं.

पुढच्या महिन्यात त्या गल्लीचे मीटर वाचायला चाळणच गेला. बाईंनी फाटक उघडलं. हजर धावत आला आणि त्याच्या पायांवर लोळायला लागला.

"या ना आत," बाई म्हणाल्या. "पाणी घ्या घोटभर."

चाळणीनं उजवा हात हळूच पाठीमागं नेला.

"नको बाई. इथूनच बरं. तुम्हीच जरा आकडा वाचून सांगा."