प्राणहितेकाठी, छत्रीच्या भरवशावर

सुट्टी मिळाली, पण अर्धीच. मी भद्रावतीत घरी बसून काम करतो. परदेशातल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकायचे, टाइप करायचे आणि इंटरनेटवरून नागपूरच्या कंपनीला पाठवायचे. साहेबांनी फोनवर बजावलं, "कुठंही जा, फायली दुपारपर्यंत पोचल्या पाहिजेत. नाहीतर काम दुसऱ्याला देतो." घर त्याच कामावर चालतं, म्हणून लॅपटॉपही निघाला.

प्रवास खरं तर अम्मीचा. तिचे वडील बांगड्या विकायचे. प्राणहिता नावेतून ओलांडून पलीकडे आंध्रातल्या बाजाराला जाताना तिला सोबत न्यायचे. गुडघे पुरते बसायच्या आत त्या नावेत एकदा बसायचंय, असं तिनं वर्षभर टुमणं लावलं होतं.

चंद्रपूरच्या स्टँडवर तर्रीपोहे खाल्ले आणि आलापल्लीची एसटी धरली. आष्टीचा पूल ओलांडला की जंगल सुरू होतं. अम्मी घरात हिंदी बोलते, पण गडचिरोलीची हद्द लागताच तिचं लहानपणचं मराठी वर आलं. "पाय नं बाबू, किती मोठे सागवान हायेत!" मी मान हलवली. माझ्या कानात कुणा तरी डॉक्टरचं किडनीवरचं भाषण चालू होतं.

आलापल्लीत लॉज साधा, भात-वांग्याची भाजी उत्तम. सायबर कॅफे मात्र बंद, टेलिफोनची लाईनच गेलेली. कॅफेवाल्यानं उपाय सांगितला: पुढं नदीकाठच्या गावात, जिथून बाजाराची नाव सुटते, तिथल्या माहिती केंद्राच्या छतावर उपग्रहाची छत्री आहे. तिला तार लागत नाही, नेट थेट आकाशातून येतं. एका ट्रकवाल्याबरोबर मी आधी निरोपही पाठवला. उत्तर आलं, केंद्र सकाळी उघडतं. मी निर्धास्त झालो. नाव आणि नेट एकाच गावात, यापेक्षा आणखी काय पाहिजे?

दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून घेतलं. आलापल्लीच्या पुढचा रस्ता नुसता नावाला आहे. कमरेचा पट्टा असेल तर बांधून निघा. गावात पोचलो तर केंद्राला कुलूप. गावातही शुकशुकाट. एक म्हातारे भाऊ खाटेवर बसले होते. त्यांना विचारलं, तर उलट तेच चकित झाले.

"मोह पडून राह्यला नं! सरोजबाई झाडाखाली असन. मोहाच्या दिवसांत घरी कोन राह्यते?"

मोहाची फुलं पहाटे पडतात. वेचायला उशीर झाला, तर गुरं आणि हरणं खाऊन जातात. म्हणून या दिवसांत सगळं गाव आपापल्या झाडाखाली असतं, आणि वेचणं संपल्याशिवाय गावाची सकाळ होत नाही. हे निरोपात सांगायचं असतं, असं इथं कुणाला सुचणारच नाही.

सरोजबाई, म्हणजे केंद्र चालवणारी बाई, रानात सापडली. किल्ली कमरेलाच होती. मी काकुळतीला आलो.

"खोलतो जी," ती म्हणाली, "पन इतकी फुलं सोडू कशी? दोन हात लावा, लवकर होईन."

मग मी वेचू लागलो आणि अम्मीही वाकली, दुखऱ्या गुडघ्यांसकट. गोड वासानं डोकं जड झालं. मला रडावंसं वाटत होतं. अम्मी मात्र हसत होती.

केंद्र उघडलं तेव्हा घाटावर नाव भरत आली होती. बाजाराच्या दिवशी जाणारी एकच नाव, दुपारी परतणारी. मी नावाड्याला म्हटलं, "भाऊ, जरा थांबता का?"

"बाजार थांबते का जी?"

अम्मीनं माझ्याकडं पाहिलं. मी लॅपटॉपच्या पिशवीकडं पाहिलं. "तू कर आपलं काम," ती म्हणाली, आणि टोपल्यांमधून वाट काढत एकटीच नावेत बसली.

पहिल्या दोन फायली गेल्या. तिसरी अर्ध्यावर तुटली, पुन्हा पहिल्यापासून. यूपीएस कोकलत होता. सरोजबाईनं चहा आणून ठेवला. तो कधी गार झाला, कळलं नाही. शेवटची फाईल गेली तेव्हा मी घाटावर धावलो. समोर नुसतं पाणी आणि वाळू. भर उन्हात एका दगडावर बसून राहिलो. आनंद वगैरे काही झाला नाही, फक्त दमलो होतो.

नाव परतली. अम्मीच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. "अब्बाच्या जागेवर आता सिमकार्डवाला बसते," एवढंच ती म्हणाली.

घरी येऊन आठवडा झाला. काम टिकलं, कंबर अजून दुखते. जाणार असाल तर मोहाच्या दिवसांत छत्रीच्या भरवशावर राहू नका. नाव कशी असते, हे मात्र मला विचारू नका.

काल शेजारच्या कुंदाबाई अम्मीला तेच विचारत होत्या. मी आतल्या खोलीत हेडफोन चढवत होतो. अम्मी सांगत होती, "पानी इतकं साफ, खालची वाळू दिसे. मधात गेलो तं नाव हालली जराशी. मी घाबरली, तं बाबूनं माहा हात धरला नं गच्च."

मी हेडफोन तसाच हातात धरून राहिलो.