माळावर दोघं बिनलग्नाचे

आमच्या माळावर बिनलग्नाचे दोघंच. एक लांडगा, दुसरा मी. त्यातल्या त्यात लांडग्याचं बरं. त्याला कुणी इचारत न्हाय, "काय रे, जमलं का कुठं?"

वरकुटे गावाच्या अंगाला आमची मेंढरं हायत. आबा, म्हंजे माझा बाप, सांगतो, त्याच्या तरण्यापणी दिवसभर चाललं तरी गवत सरायचं न्हाय. आता कॅनॉलच्या कडंनं ऊस आला, मधनं रस्ता गेला, पलीकडं प्लॉटिंगचे दगड रोवलं. माळ उरला रुमालाएवढा. त्यातच आमची मेंढरं, ससं, थोडी हरणं आन लांडगा.

आधी लांडग्यांचं कुटुंब होतं. लांडगीन, म्हंजे ह्याची आई, रस्त्यावर गाडीखाली गेली, बाकीची कुठं पांगली कुणास ठावं. ह्यो एकटा ऱ्हायला. लंगडी-म्हातारी मेंढी त्यानं न्ह्यावी, आमी शिव्या द्याव्या, असा आमचा यव्हार. आबा म्हणायचा, "रोगट जनावर त्योच उचलतो, म्हून कळप धड हाय." पुढं पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकाया लागले आन कुत्र्यांच्या टोळ्या माजल्या. ती कुत्री चांगली कोकरं न्हेत्यात. नाव मातर लांडग्याचं.

दिवस मावळताना त्यो टेकाडावर बसून लांब हेल काढायचा. मग कान टवकारून गप. उत्तर येतंय का बघायचा. उत्तर देणार कोण?

एकदा आई चुलीपाशी म्हणाली, "बिचाऱ्याला पोरगीच गावंना."

मी खोखो हसलो. आई माज्याकडं बघत ऱ्हायली. हसू तितंच बसलं.

कारण नुकतंच आमी सोमेश्वरनगरला पोरगी बघून आलतो. पोरीच्या मामानं इचारलं, "पाव्हणं, करता काय?"

"मेंढरं हायत."

"ती हायत हो. तुमी काय करता?"

मी इचार करत बसलो. तवर आबा उठून चपला घालत हुता.

त्या हिवाळ्यात आमची राखणीची कुत्री माजावर आली. एरवी लांडगा दिसला की अंगावर जाणारी. त्या दिवशी त्यो समोर हुबा, आन ही शेपूट हलवतीय! मी धोंडा भिरकावला. धोंडा माज्याच मेंढीला बसला. कुत्री आन लांडगा गवतात गेली.

"बघ," आबा म्हणाला, "त्याला कुणी इचारलं का, करता काय?"

पिल्लं झाली, त्यातलं एक जगलं. लांब पायाचं, पिवळ्या डोळ्यांचं. मी गावभर फुशारक्या मारल्या, "असा राखण्या कुणाकडं न्हाय." पर मेंढरं त्याला बघून वाड्याच्या जाळीत दुसऱ्या कोपऱ्यात चेंगरायची. भुंकणं त्याला ठावंच नव्हतं. माज्या घोंगड्यात शिरून पायावर डोकं ठिवायचं, तेवढं मातर यायचं.

एका सांजंला टेकाडावरनं हेल आला. पिल्लानं तोंड वर केलं आन तसाच बारीक हेल काढला. लांडगा उठून हुबाच ऱ्हायला. कितीतरी दिसांनी त्याला कुणीतरी व्हय म्हणलं हुतं. मग रोज दोघांचं चालायचं. मी भाकरी हातात धरून ऐकत बसायचो.

माज्या फुशारक्या फारेस्टच्या साहेबापतूर गेल्या. साहेब आला. पोरगाच हुता, सरळ बोलणारा. पिल्लाच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "दादा, हे मोठं होऊन माळावरच्या लांडग्यांत मिसळलं, की पुढच्या पिढ्यांत लांडगा राहणार नाही. नुसती पिवळ्या डोळ्यांची कुत्री राहतील."

"आन तुमी न्हेलं तर?"

"तर हा लांडगा आहे तोवर आहे. त्याच्यामागं कोण नाही."

"मग लांडगीन आना की एखादी! आमी न्हाय का फिरत पोरगी बघत?"

त्याला हसू आलं न्हाय. "पलीकडच्या माळावर आहेत त्या. पण मध्ये ऊस, कॅनॉल, हायवे. येणार कशा? आणून सोडली तरी एवढ्याशा तुकड्यावर पिल्लं कशी वाढवायची?"

"मग काय करायचं?"

"मला ठाऊक असतं तर तुमचं पिल्लू न्यायला आलो असतो का?"

मी म्हणलं ह्यो शिकलेला हाय, काहीतरी सांगंल. त्यो आन मी दोघं टेकाडाकडं बघत बसलो. आईनं च्या केला. त्याचा गार झाला.

पिल्लू कुणाला हात लावू देईना. शेवटी मीच उचलून गाडीत ठिवलं. त्यानं माझा हात चाटला. माझ्यावरचा इश्वास, दुसरं काय. कुत्री गाडीमागं रस्त्यापतूर पळाली आन परत आली.

सांजंला टेकाडावरनं हेल आला. मग गप. परत हेल. कुत्री पायात तोंड खुपसून पडलेली. मला ऐकवंना.

आई म्हणाली, "तू तरी वरड की रं."

चेष्टा केली का खरंच म्हणाली, कुणास ठावं. मी माळावर गेलो, तोंडाला हात लावले आन जमंल तसा हेल काढला.

मेंढरं बुजून जाळी पाडून उसात घुसली. आबाच्या शिव्या पार वस्तीपतूर ऐकू गेल्या. लांडग्यानं मान वळवून माज्याकडं बघितलं, त्या पोरीच्या मामानं बघितलं हुतं तसंच. आन उठून टेकाडापलीकडं गेला.

त्यानंतर त्यो दिसतो, पर वरडत न्हाय. मी रोज सांजंला मेंढरं जाळीत घालतो, आन थोडा वेळ कान देऊन बसतो.