हडळीचा उखाणा

नाव: विनायक लोटू महाजन. वय: त्रेचाळीस. राहणार: इतवारा, बुऱ्हाणपूर. धंदा: तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर, निंबाखाली, लोकांची शपथपत्रे टाइप करणे. भाषा: घरी मराठी, कागदावर हिंदी. ओळखीची खूण: उजव्या तर्जनीला घट्टा. वैवाहिक स्थिती: गेल्या ऑक्टोबरपासून विधुर. अपत्य: नाही. स्वभाव: शांत, आधीही शांतच होता, त्यामुळे काही फरक पडला की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. प्रलंबित बाबी: एक.

ही प्रलंबित बाब अकरा वर्षांची होती. लग्नात बायकांनी अलकाला अडवलं होतं, नाव घे म्हणून. तिने उखाणा पाठ केला होता, पण ऐन वेळी जनरेटर बंद पडला, अंधारात कुणाचं तरी पोर रडायला लागलं आणि अलका म्हणाली, "नंतर घेईन." ते नंतर राहूनच गेलं. घरात ती त्याला 'अहो' म्हणायची. रागात असली तर हिंदीत शिरून 'सुनो' म्हणायची. विनायक तिच्या नावाने कुठलाही कागद टाइप करायचा तेव्हा रीतीप्रमाणे 'श्रीमती अलका पति श्री विनायक' असं लिहायचा. म्हणजे त्याचं नाव तिच्या नावाशेजारी सरकारदरबारी शंभरदा तरी आलं असेल. तिच्या तोंडी मात्र एकदाही नाही. यावर त्याची तक्रार नव्हती. तक्रारीचा अर्ज कुणाच्या नावे करायचा, हाही प्रश्न होता.

अलका मराठी शाळेत शिकवायची. पाचवीच्या वर्गाला दारातूनच गप्प करील असा तिचा आवाज होता. ऑक्टोबरात डेंगू झाला आणि चार दिवसांत ती गेली. मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज विनायकनेच टाइप केला. त्यात एकही चूक नव्हती. हे बघून शेजारचा टाइपिस्ट घाबरला होता.

आता मुद्द्याचं. विनायकचा बालमित्र निलेश इतवाऱ्यातच राहतो आणि लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. वीस वर्षं दुसऱ्यांचे अक्षता टाकणारे हात टिपून कंटाळल्यावर त्याने स्वतःचा सिनेमा काढला: 'हडळीचं केळवण'. बहादरपूरच्या एका केळीच्या बागेत हडळ राहते, गावात गौरव नावाच्या पोराचं लग्न ठरतं, आणि हडळीचा असा समज होतो की नवरी आपणच. लग्नाआधी नवरीला घरोघर जेवायला बोलवतात, तसं आपल्याला कुणीच का बोलवत नाही, म्हणून ती चिडते. भयही आहे, विनोदही आहे, असं निलेश सांगायचा. दोन्ही आहेत हे त्याला सांगावं लागायचं, ही काळजीची बाब होती.

हडळ झालेली स्नेहल दिसायला भयानक होती, पण बोलली की मुंगी शिंकल्यासारखं वाटायचं. म्हणून गेल्या ऑगस्टात हडळीचा आवाज अलकाने दिला. निलेशच्या सामानाच्या खोलीत चारी भिंतींना गोधड्या टांगून ते काम दोन दिवस चाललं. विनायक दोन्ही दिवस बाहेर मोटरसायकलवर बसून होता. दुसऱ्या दिवशी ती घामाने निथळत बाहेर आली आणि म्हणाली, "झाले बाई हडळ एकदाची."

विनायक म्हणाला, "बरं."

नंतर त्याला आठवायचं ते हे 'बरं'.

सिनेमा सोमवारी संध्याकाळी इंटरनेटवर चढणार होता. त्याआधी रविवारी सकाळी राजपुऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात प्रीमियर ठेवला. आदल्या आठवड्यात निलेश निंबाखाली येऊन उभा राहिला. टाइपरायटरची एक कळ त्याने उगाच दाबून पाहिली.

"विन्या, देख, आवाज वहिनीचा आहे. आणि लोक हसणार. हसण्यासाठीच बनवलंय ना यार. तुला चालत नसेल तर माझी भाची रंजिता तयार आहे, एका दिवसात परत बोलून देईल. तू म्हणशील तसं."

"बघतो."

"प्रीमियर बघ. मग लिहून दे. चढवायच्या आधी कागद लागतो म्हणे."

विनायकने दोन कागद टाइप केले. एक अनापत्ति का, म्हणजे ना हरकतीचा, एक आपत्ति का, म्हणजे हरकतीचा. दोन्हींवर सही करून ठेवली. रविवारी पहिला शर्टाच्या डाव्या खिशात होता, दुसरा पँटच्या उजव्या खिशात. मनातून त्याने दुसराच द्यायचं ठरवलं होतं. मेलेल्या बाईच्या आवाजावर चारशे माणसं हसणार, हे कुठल्याही कायद्यात बसत नाही असं त्याला वाटत होतं. त्याखाली दुसरी एक गोष्ट होती, ती त्याने टाइप केली नव्हती. ऑक्टोबरपासून त्याला काहीच होत नव्हतं. तिचे मोबाइलवरचे निरोप त्याने एकदाही लावले नव्हते. आवाज ऐकूनही काही झालं नाही तर काय, याची त्याला धास्ती होती.

कार्यालयात आदल्या दिवशी लग्न झालेलं. पडदा मंचावर बांधलेला आणि त्याच्या वर थर्मोकोलची 'शुभ विवाह' ही अक्षरं तशीच होती. खिडक्यांना काळं कापड लावलं होतं, तरी सकाळचे दहा वाजले आहेत हे लपत नव्हतं. पलीकडच्या गल्लीत पॉवरलूम चालू होते. त्यांची सुट्टी शुक्रवारची. सिनेमात शांतता झाली की खटखट ऐकू यायची. लोकांना ते पार्श्वसंगीत वाटलं आणि फार आवडलं. दारात प्रत्येकाच्या हातात मावा जलेबीचा द्रोण देत होते, त्यामुळे पहिली दहा मिनिटं घाबरायला कुणाचा हात मोकळा नव्हता.

विनायकच्या शेजारी निलेशची आत्या धुरपदाबाई बसली होती. सिनेमात ती गौरवची आई होती आणि सिनेमातलंच लुगडं नेसून आली होती.

"मी कधी येते रे भाऊ?" तिने विचारलं.

"तुम्हीच काम केलंय ना, आत्या."

"काम केलं रे, पाह्यलं कुठं मी!"

केळीच्या पानांमागून हडळ आली. पाय उलटे दिसावेत म्हणून स्नेहलला चपला उलट्या बांधल्या होत्या. ती दोनदा पडली होती आणि निलेशने दोन्ही वेळचं पडणं ठेवलं होतं. मग ती बोलली.

"माझं केळवण कोण करणार?"

आवाज अलकाचा होता. विनायकने वाट पाहिली. काही झालं नाही. त्याने पुढच्या खुर्चीच्या कव्हरवरचा डाग पाहिला, तो हळदीचा असावा. परत वाट पाहिली. हडळ एका शेतकऱ्याच्या मानगुटीवर बसून त्याच्या डब्यातली भाजी खात होती. "मीठ कमी झालंय का?" तिने दरडावून विचारलं, आणि सगळं कार्यालय हसलं. हे वाक्य निलेशने लिहिलेलं असेल किंवा नसेल. विनायकने ते अकरा वर्षं रोज रात्री ऐकलं होतं, याच आवाजात, याच दरडावणीने, आणि रोज 'नाही' म्हटलं होतं.

धुरपदाबाई डोळे पुसत होती, हसून. "वं माय, कशी बोलते! मास्तरीण होती ना ती?" मग तिला आठवलं शेजारी कोण आहे, आणि तिने जलेबीचा द्रोण त्याच्यापुढे धरला. विनायकने एक तुकडा घेतला. त्याला गोड लागलं, एवढंच. त्याचा हात उजव्या खिशावर गेला. ठरलं.

मध्यांतरानंतर घाबरलेल्या गावाने शेवटी हडळीला केळवणाला बोलावलं. केळीचं पान मांडलं, रांगोळी काढली, बायका जमल्या. रीतीप्रमाणे एकीने म्हटलं, नाव घे. हडळीने पदर डोक्यावर घेतला आणि लाजून सगळ्या गावाकडे पाहिलं.

"केळीच्या बागेत एकटी मी, नको मला वैभव,
सात जन्म घाबरवीन, नवरा माझा विनायक."

क्षणभर फक्त पॉवरलूम ऐकू आले. पडद्यावर गौरव तोंड उघडं टाकून उभा होता. मग पडद्यावरची धुरपदाबाई कपाळावर हात मारून ओरडली, "अगं माय, हिचा तं पत्ताच चुकला!" आणि कार्यालय फुटलं. लोक खुर्च्यांवरून वाकून हसत होते. मागून कुणीतरी शिट्टी मारली. खरी धुरपदाबाई स्वतःच्याच वाक्यावर टाळ्या वाजवत होती.

विनायक बसून होता. पुढच्या खुर्चीवरचा डाग हळदीचाच होता, याची आता त्याला खात्री झाली.

सिनेमा संपल्यावर निलेश त्याला पायऱ्यांवर गाठायला आला. त्याच्या गळ्यात हार होता आणि तोंड उतरलेलं.

"विन्या, मी आधी सांगायला पाहिजे होतं."

"तिला दिलेल्या कागदावर काय लिहिलं होतं?"

"गौरव. वैभव, गौरव. सीधा-सीधा यमक होतं यार! सात वेळा बोलायला लावलं मी तिला. सातही वेळा तुझंच नाव. मी म्हटलं वहिनी, सिनेमा आहे, हडळ आहे, गौरव म्हणा ना. तर म्हणे, उखाण्यात परक्याचं नाव घेऊ? जीभ झडेल माझी. मी म्हटलं, पण यमक? म्हणे, सिनेमा तुमचा, उखाणा माझा."

"मग?"

"मग काय? मास्तरीणबाईंपुढे मी काय बोलणार! पाचवीत असल्यासारखं वाटलं. नंतर आत्याचं ते वाक्य टाकलं, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं दिसेल." निलेश हाराची फुलं कुरतडत होता. "घरी बोलली नाही तुला?"

"म्हणाली. 'झाले बाई हडळ एकदाची.'"

"आणि तू?"

विनायकने पायरीवरचा जलेबीचा रिकामा द्रोण उचलला.

"रंजिताला सांगू का?" निलेश म्हणाला. "ती गौरव म्हणेल. यमक पण बसेल. लोकं हसले ते तुला..."

"हसू दे."

विनायकने डाव्या खिशातला कागद काढून दिला. निलेशने तो उलगडून, ओठ हलवत, सगळा वाचला. शेवटी बोट ठेवून थांबला.

"ह्याच्यात गलती आहे रे. 'श्रीमती अलका पति श्री विनायक' लिहिलंस. 'स्वर्गीय' राहिलं. आणि 'आवाज़ देती हैं' कसं? 'दी थी' पाहिजे ना?"

विनायकने कागद हातात घेऊन पाहिला. वीस वर्षांत टाइप करताना त्याची चूक कुणी दाखवली नव्हती. खिशात पेन होतं. त्याने ते काढलं, टोपण उघडलं, परत लावलं आणि कागद परत दिला.

"चालतं असं?" निलेशने विचारलं.

"हरकत नाही."

उजव्या खिशातल्या कागदाचे त्याने चार तुकडे केले आणि जलेबीच्या रिकाम्या द्रोणात टाकले. रडू त्याला तेव्हाही आलं नाही. निलेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो जड होता, एवढं त्याला कळलं.

ज्यांना सकाळी जागा मिळाली नव्हती त्यांच्यासाठी तीन वाजता दुसरा शो होता. विनायक घरी गेला नाही. तो आत जाऊन त्याच खुर्चीवर बसला. उखाणा मध्यांतरानंतर बाराव्या मिनिटाला आला. यमक तेव्हाही जुळलं नाही.