हापशीवरचा डबा

समुद्रपूर तालुक्यातल्या एका वस्तीला दुसरी हापशी हवी होती. साठेक घरं आणि एकच हापशी. कचेरीतल्या इंजिनियरचं म्हणणं असं, की दांडा किती वेळा मारला जातो ते सलग तीस दिवस मोजून आणा, मग मंजुरीचं बघू. घागरींची रांग कुणालाही दिसत होती, पण कागदाला आकडा हवा होता. तो मोजायचं यंत्र बनवायचं काम वर्ध्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या माझ्या गळ्यात पडलं.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मी हौसेनं डबा बनवला. आत पाच-सहा चिप आणि नऊ व्होल्टचा एक सेल. दांडा खाली आला की आकडा एकाने वाढे. गंजका दांडा एका हिसक्यात तीन-तीनदा खडखडे, म्हणून खरा हिसका कोणता हे तपासायला आत एक क्लॉक ठेवलं होतं, सेकंदाला हजारो ठोके देणारं. आकडा बघायची दिव्यांची पट्टी मी सोबत नेई, सेलवर उगाच भार नको म्हणून. काम चोख झालंय, असं मला वाटत होतं.

बाराव्या दिवशी सेल मेला. आकडा गेला. नवा सेल घालून पहिल्यापासून सुरुवात केली, तर पुन्हा तेच. वर्ध्याहून एसटीने धक्के खात जायचं, डबा उघडायचा आणि मेलेला सेल खिशात टाकून परत यायचं. मी अगदी रडकुंडीला आलो. इंजिनियर म्हणाला, "अहो, दुपारी गर्दी नसते तेव्हा बंद करायला स्विच लावा की!" अरे बाबा, वीज तोडली की चिप आकडा विसरतात! हे मी त्याला तीनदा समजावलं. चौथ्यांदा त्यानंच मला स्विच कसा लावायचा ते समजावलं.

तिसऱ्या खेपेला हापशीसमोरचा शिंपी माझ्यावर उखडला. "मास्तर, तुमचा डबा माह्या रेडिओत किरकिर करून राह्यला. दोनदा तो मेला, तवा कुठं गाणे साफ ऐकू आले."

मी चिडूनच त्याचा रेडिओ उचलला आणि डब्याजवळ नेला. भर दुपार, हापशीवर कुणी नाही, दांडा निपचित, आणि रेडिओत अखंड किरकिर. तेव्हा माझी ट्यूब पेटली. या चिप नुसत्या बसल्या तर जवळजवळ काही वीज खात नाहीत. खातात त्या ठोक्यागणिक चालू-बंद अशा पलटताना. आणि माझं क्लॉक, कुणी पाणी भरो न भरो, त्यांना सारखं पळवत होतं. हेच मी वर्गात फळ्यावर लिहून देत होतो! स्वतःचीच लाज वाटली.

घरी येऊन क्लॉकच्या तोंडाशी एक गेट बसवलं. दांडा हलला की ते उघडणार आणि ठोके सुरू होणार. दांडा थांबून पाच सेकंद झाले की ठोके मुळातच बंद. सेल जोडलेलाच, त्यामुळे आकडा जागच्या जागी राहणार.

नवा सेल घालून डबा पुन्हा हापशीवर बसवला आणि तिसाव्या दिवशी दिव्यांची पट्टी लावली. आकडा हजर, सेल ठणठणीत! मी एवढा खूश झालो, की सगळ्यांना चहा सांगितला. आकडा माझ्या अंदाजाच्या दीडपट होता, पण तेव्हा तेही चांगलंच वाटलं. तेवढ्यात रोज पहिली घागर लावणारी बाई हसत म्हणाली, "जगवलं ना मास्तर, तुमच्या डब्याले?"

"म्हणजे?"

"रेडिओतली किरकिर थांबली का आमी समजो, सेल मेला. मंग कोणी ना कोणी जाऊन दांडा मारे. किरकिर आली का जिवात जीव. पाळ्याच लावल्या होत्या आमी."

माझं डोकंच फिरलं. "अहो, तो झोपलेला होता, मेला नव्हता! तो गप्प राहावा म्हणूनच तर मी एवढी मरमर केली!"

घागर उचलता उचलता ती थांबली. "मंग आमाले सांगाले काय झालतं?"

 मी इंजिनियरला सांगितलं होतं, विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं होतं.

खोटा आकडा द्यायला हात धजेना. झालेला प्रकार अर्जावर लिहिला. शेरा आला, "चाचणी पुन्हा घ्यावी." ती घेतली तोवर पावसाळा लागला, विहिरींना पाणी आलं, हापशीवरची गर्दी ओसरली. आकडा उतरला आणि "गरज दिसत नाही" म्हणून फाईल बंद झाली.

डबा काढायला गेलो, तेव्हा मी स्क्रू सोडवत असताना तीच बाई खालून हात लावून डबा धरून उभी होती.  मी मान वर केली नाही. आत सेल अजून तोच होता.