गुडघा आईचा, निवड माझी

आईच्या गुडघ्याचा सांधा मी मोबाइलवर व्हिडिओ बघून पसंत केला. कृत्रिम सांध्यात धातूच्या दोन भागांमध्ये प्लास्टिकची गादी असते. एका प्रकारात ती पक्की बसवलेली, दुसऱ्यात थोडी फिरणारी. "फिरतीच टाका," मी लातूरच्या डॉक्टरांना बजावलं.

"चालणाऱ्याला दोन्हींत फारसा फरक कळत नाही," ते म्हणाले. "हाड बघून ठरवू."

मला मात्र आईचं मुदखेडचं माहेर दिसत होतं. रेल्वेची पायरी चढवत नाही म्हणून तिनं तिकडं जाणंच सोडलं होतं.

ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी फिरत्या गादीचं महत्त्व समजावलं. व्यायाम आई करत होती, दातओठ खाऊन. शेवटी लातूर स्टेशनवर तिनं माझा हात झिडकारला, दांडा धरला आणि एकटी डब्यात चढली! मी अख्ख्या डब्याला ऐकवलं, "बघा, ही फिरत्या गादीची कमाल!"

खिडकीशी ऐसपैस बसत आई म्हणाली, "पक्कीच हाय ती. डाक्टरनं मला इचारून बसवली. तू तवा बाहेर लोकांला गुडघे शिकवून राहिला होता. आता बस गप."