चाटलेली बांगडी

'मला आठवतं,' असं मी म्हटलं की आमच्या घरात सगळे हसतात. हसा बापडे. त्या दिवसांत मी आठ-नऊ महिन्यांची होते आणि त्या घरात राहतही नव्हते, एवढं मलाही कळतं. पण जिथे उठताबसता माझाच विषय होता तिथे मी नव्हतेच, असं कसं म्हणायचं? होते की! गावाच्या दुसऱ्या टोकाला, अनाथ मुलांच्या एका संस्थेत, खिडकीखालच्या पाळण्यात मी होते. आणि इकडे गंगापूर रोडला एका घराच्या वरच्या मजल्यावर माझी आई आणि दोन दादा मला घरी आणायची वाट बघत होते. ते दिवस त्यांनी मला इतक्यांदा सांगितलेत की आता त्यांच्यापेक्षा मलाच ते जास्त आठवतात.

नाशिकमध्ये आमचं कुणी नव्हतं. आई-बाबा मूळचे सोलापूरकडचे, पण लग्न झाल्यावर मस्कतला गेलेले. बाबा तिथे समुद्राचं खारं पाणी गोडं करायच्या कारखान्यात होते. दोन्ही दादा तिथेच जन्मले. धाकट्याच्या वेळी आईचे फार हाल झाले, पुढचं बाळंतपण नको असं डॉक्टरांनी बजावलं. पण तिला मुलगी हवीच होती. दोन वर्षं इकडेतिकडे चौकशा केल्यावर नाशिकहून निरोप आला, एक मुलगी आहे. ती मी. महिन्याभरात कोर्टाचा हुकूम होईल आणि मुलीला घेऊन परत जाल, असं सांगितलं होतं. आईने महिन्याभराचेच कपडे भरले.

पावसाळा सरत आला होता. मुंबईहून निघालेली गाडी घाट चढून इगतपुरीला थांबली तेव्हा ढग फलाटावर उतरले होते. चार वर्षांच्या धाकट्या दादाने खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि विचारलं, "आपण अजून विमानातच आहोत का?" ते ढग मला स्पष्ट दिसतात. गार, आणि वड्यांच्या तळणीचा वास लागलेले. "तू होतीस का गं तिथे?" असं मोठा दादा मुद्दाम विचारतो. तो तेव्हा सात वर्षांचा होता आणि अख्खा घाट झोपून होता, म्हणजे तोही नव्हताच.

बाबा आठवडाभर राहिले, कोर्टातल्या सह्या केल्या आणि नोकरीवर परत गेले. राहिले तिघं. लोकांना परदेश म्हणजे विमानाने जायचं ठिकाण. माझ्या दादांचा परदेश नाशिक. इथे दूध पिशवीतून यायचं, गाई रस्त्यात बसायच्या, आणि बोलायला गेलं की मुलं तोंडाकडे बघत राहायची, कारण हे दोघं मराठीत मध्येच अरबी घुसडायचे. धाकटा दादा सगळ्यांना "यल्ला, यल्ला" म्हणून घाई करायचा. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकू नांदगावच्या, आवाज खणखणीत, मन मोकळं. त्यांना तो शब्द भारी आवडला. त्या शेवटपर्यंत दूधवाल्याला "यल्ला रे, लय उशीर करतो" असं झापायच्या.

मस्कतला गॅलरीतून समुद्र दिसायचा. इथल्या गॅलरीतून द्राक्षबाग दिसायची आणि सकाळी धुकं असलं तर तीही नाही. धाकट्याने समुद्राचा घोशा लावला. शेवटी काकूंनी तिघांना रिक्षात घालून गंगापूर धरणावर नेलं. "हा घे तुझा समुद्र. पोटभर बघ." तो काठावर वाकला, ओंजळीने पाणी प्यायला आणि आनंदाने ओरडला, "आई, गोड आहे! बाबांनी आधीच करून ठेवलंय!" आई हसता हसता रडायला लागली. त्या धरणावर मी पुढे शंभरदा गेले असेन, पण दर वेळी मला तो चार वर्षांचा दादाच काठावर दिसतो.

दर रविवारी दुपारी आईला संस्थेत मला भेटायची परवानगी होती. ती मला मांडीवर घेऊन बसायची. दादांना आत सोडत नसत, ते अंगणात थांबून खिडकीच्या जाळीला नाकं लावायचे. दोन चपटी नाकं आणि मागे ऊन, हे तर मला आठवतंच आठवतं, कुणी काही म्हणा. महिना गेला, दिवाळी गेली, हुकूम काही येईना. माझ्या जन्माचा एक कागद पेठ तालुक्यातून यायचा होता, त्यावाचून पुढचं सगळं अडलं होतं. आई दर आठवड्याला विचारायची आणि दर आठवड्याला तेच उत्तर मिळायचं. तिचा जीव टांगणीला लागला होता, कारण मस्कतचा एक नियम होता. सहा महिन्यांच्या वर देशाबाहेर राहिलं की तिथे राहायचा परवाना रद्द. आणि बाबांच्या कंपनीने नोकरांच्या बायका-मुलांचे नवे परवाने देणं त्याच वर्षी बंद केलं होतं. म्हणजे मार्च संपायच्या आत परत जायचं, नाहीतर ते घर, ती शाळा, तो समुद्र, सगळ्यावर पाणी सोडायचं. आणि मला न घेता गेलं तर मी राहणार, हे तर उघडच होतं.

थंडी पडल्यावर काकूंनी आईला कामाला लावलं. "वाट बघत बसली तर वेड लागेल, पोरी. हलवा कर. संक्रांतीला पोरीचं बोरन्हाण नको का?" लहान मुलांची पहिली संक्रांत आमच्याकडे अशी करतात. काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतायच्या. बाकीची पोरं त्या वेचायला तुटून पडतात. आईने पहाटे शेगडी पेटवून परातीत साबुदाणे घेतले. थेंब थेंब साखरेचा पाक टाकायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. थंडी चांगली असली तरच हलव्याला काटा येतो. कितीतरी पहाटे ती त्या परातीपुढे बसली, बोटं पोळली, पण काटा असा आला की काकूंनीही मान डोलावली. मग दोऱ्यात ओवून तिने बिंदी, हार, बाजूबंद, कमरपट्टा, बांगड्या, सगळं केलं. धाकट्या दादाच्या हाती एक बांगडी लागली. ती त्याने पलंगाखाली बसून चाटून चाटून पार गुळगुळीत केली. एक काटा शिल्लक ठेवला नाही पठ्ठ्याने. आईने पाठीत धपाटा घातला आणि ती बांगडी तशीच डब्यात ठेवली.

संक्रांत आली, गच्च्यांवर पतंग उडाले, हुकूम नाही आला. काकू म्हणाल्या, "रथसप्तमीपर्यंत चालतं की." रथसप्तमीही आली. तेव्हा आई डबा घेऊन सरळ संस्थेत गेली. तिथल्या मुख्य बाई शांत आणि करड्या. म्हणाल्या, "इथे एका मुलाचं काही करता येत नाही. बाकीच्यांनी बघत बसायचं का? करायचं तर सगळ्यांचं." आईला वाईट वाटलं असेल, पण म्हणणं खरंच होतं. तिने व्हरांड्यात बसून कात्रीने सगळे दागिने सोडवले. कुणाला हाराचे चार मणी, कुणाला बिंदी, कुणाला कमरपट्ट्याचा तुकडा. त्या दिवशी दादांना पहिल्यांदाच आत सोडलं. "ही तुझी बहीण, तिला घाल," असं आईने म्हटल्यावर धाकट्याने ती चाटलेली बांगडी माझ्या हातात घातली. मग काकूंनी सगळ्यांच्या डोक्यांवरून सूप उपडं केलं. बोरं टपाटप पडली, कुणी हसलं, कुणी भोकाड पसरलं. ते बोरांचं पडणं मला अजून स्वप्नात ऐकू येतं.

मस्कतहून आणलेल्या कॅमेऱ्यावर मोठ्या दादाने फोटो काढले. रोल खराब झाला, एकच फोटो आला. मागे गोंधळ, पुढे पाटांवर दोन मुली काळ्या झबल्यांत. एक तोंड वासून रडतेय, दुसरी बाजूला बघतेय. आईने तो लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आल्यागेल्याला ती दाखवायची, "ही बघा," आणि बोट रडणारीवर.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मुख्य बाईंनी आईला बोलावून घेतलं. "पेठचा कागद कधी येईल, सांगता येत नाही. तुमची अडचण मला माहीत आहे. दुसऱ्या एका मुलीचे कागद पूर्ण आहेत. त्या दिवशी तुमच्या मुलीशेजारीच बसली होती. हो म्हणालात तर मार्चच्या आत काम होईल." आई घरी आली आणि बूथवर जाऊन बाबांना फोन लावला. बाबा समजूतदार माणूस. ते म्हणाले, "तीही मुलगीच आहे. तिलाही घर हवंय. यात चूक काय?" ती बूथच्या काचेला डोकं टेकून उभी राहिली, बाहेर दोघं दादा करवे खात बसलेले. मग म्हणाली, "चूक काही नाही. पण माझ्याच्याने होणार नाही. तुम्ही इकडे या. आम्ही येत नाही."

कागद एप्रिलमध्ये आला. कोर्टाचा हुकूम झाला, आईने पदर पसरला आणि मुख्य बाईंनी मला तिच्या ओटीत घातलं. जूनमध्ये बाबा नोकरी सोडून आले आणि सातपूरला कमी पगाराच्या कामाला लागले. महिन्याभरासाठी आलेलं आमचं घर नाशिकचंच होऊन गेलं. मोठा दादा कित्येक दिवस मस्कतच्या मित्रांची आठवण काढून उशीत तोंड खुपसून रडायचा, असं काकू सांगायच्या. तो स्वतः कबूल करत नाही.

ही गोष्ट मला भयंकर आवडायची. माझ्यासाठी अख्खा समुद्र सोडला, म्हणजे काय थोडकं झालं! शाळेत मी ती फुगवून फुगवून सांगायचे. मात्र स्वप्नात कधीकधी ती दुसरी मुलगी यायची. ती मस्कतला आमच्या गॅलरीत उभी असायची, मागे निळं पाणी, आणि दादा तिला हाका मारत असायचे. मी खाली धुक्यात. मला तिचा राग यायचा आणि जागी झाल्यावर स्वतःचीच लाज वाटायची. तिला नंतर कुणीतरी दूरदेशी नेलं, एवढंच आम्हाला माहीत होतं.

मी नववीत असताना मोठ्या दादाने घरी कॉम्प्युटर आणला आणि पहिल्याच आठवड्यात तो फोटो त्यात घेऊन मोठा करून दाखवला. आम्ही तिघं पडद्याला चिकटलो. रडणाऱ्या मुलीच्या गळ्यात हाराचे मणी, हात रिकामे. बाजूला बघणारीच्या मनगटात बांगडी. धाकटा दादा पुढे वाकला. "काटा नाहीये बघ एकही. माझीच ती!" मोठ्या दादाने वळून माझ्याकडे बघितलं.

मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. आई मेथी निवडत होती. माझा तेव्हा नाकावर राग. "आई, इतकी वर्षं तू लोकांना भलतीच मुलगी दाखवतेयस! ती मी नाहीच! मी शेजारची! स्वतःची मुलगी ओळखता येत नाही तुला?" मला रडूच फुटलं. आपली आई आपल्याला ओळखायला चुकली, याहून वाईट मला काही सुचत नव्हतं.

आईने वर पाहिलंही नाही. "मला काय माहीत नाही होय, तू कोणती ते?"

"मग तिच्यावर का बोट ठेवतेस?"

तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"तुला तर रोज समोर बघतेच आहे की मी. नाही म्हटलं ते तिला. कपाट उघडलं की एकदा तिच्याकडे बघते, आणि कुणी आलं की मुद्दाम दाखवते. तेवढंच चार माणसांनी बघितलं तिला." मग पदराने माझं नाक पुसत म्हणाली, "बस आता इथे. मेथी निवडायला घे."